शिशमहालापर्यंत चित्रपट कृष्णधवलच होता

प्रश्न : मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणारी ७२ वर्षांची वाचक आहे. १९७४ साली, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, लक्ष्मीपुरीतल्या एका टॉकीजला ‘मुघल-ए-आझम’ पुन्हा लागला होता. आमचे एकत्र कुटुंब होते आणि नवराबायकोने दोघांनीच सिनेमाला जाणे त्या घरात बसत नव्हते, म्हणून ह्यांनी सासूबाईंना “अंबाबाईला जाऊन येतो” असे सांगितले आणि मला मॅटिनीला नेले. सिनेमा सुटल्यावर आम्ही खरोखरच देवळात गेलो, कारण खोटे बोलल्याची रुखरुख दोघांनाही लागली होती. त्या दिवसाची एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. सगळा सिनेमा काळापांढरा होता; मग शिशमहाल, म्हणजे आरशांच्या महालातले गाणे, आला, पडदा एकाएकी रंगांनी भरून गेला आणि त्याच क्षणी ह्यांनी अंधारात माझा हात धरला.

हे जाऊन आता सहा वर्षे झाली. यंदा दिवाळीत मुलाने मला बरे वाटावे म्हणून तोच सिनेमा टीव्हीवर लावून दिला. पहिल्या दृश्यापासून सगळे रंगीत होते. मी शिशमहालाची वाट पाहत बसले, तो आला आणि गेला, पण तसे काहीच झाले नाही. सूनबाई म्हणाली, “आई, तो सिनेमा रंगीतच आहे, तुम्हाला दुसरा कुठला तरी आठवत असेल.” शिवाय शेवटही बदललेला दिसला. आमच्या वेळी अनारकलीला भिंतीत चिणले होते, ह्यात ती भुयारातून निघून जाते. नातू म्हणतो की हल्ली संगणकावर शेवट बदलून सिनेमे पुन्हा लावतात. माझी आठवण खोटी आहे का? असे बदल करण्याचा हक्क कोणाला असतो? आणि जुना सिनेमा मी पुन्हा पाहावा की आहे ती आठवण तशीच राहू द्यावी?

उत्तर : आपण आधी सूनबाईंना जवळ बसवून हे उत्तर वाचून दाखवावे, कारण पडदा रंगीत झाल्याची आपली आठवण पूर्णपणे खरी आहे. ५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झालेला ‘मुघल-ए-आझम’ बहुतांशी कृष्णधवल होता. ‘प्यार किया तो डरना क्या’ हे शिशमहालातले गाणे ज्या रिळात आहे ते रीळ आणि शेवटाकडची काही रिळे एवढाच भाग टेक्निकलरमध्ये चित्रित झाला होता. आपण टीव्हीवर पाहिली ती आवृत्ती १२ नोव्हेंबर २००४ रोजी, दिवाळीतच, चित्रपटगृहांत आली. त्या आवृत्तीत कृष्णधवल भागावर संगणकाच्या साहाय्याने रंग चढवले आहेत, आवाज नव्या पद्धतीने बांधला आहे आणि मूळ १९७ मिनिटांचा चित्रपट १७७ मिनिटांवर आणला आहे. म्हणजे आपल्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटले त्यात वीस मिनिटे तर अक्षरशः हरवलेली आहेत.

रंग चढवणाऱ्यांनी काम बेपर्वाईने केले असे मी म्हणणार नाही. मूळ चित्रात करड्याची जी छटा आहे तिच्याशी जुळेल असाच रंग स्वीकारला जावा, अशी प्रणाली त्यासाठी मुद्दाम विकसित करण्यात आली होती. पार्श्वसंगीत नव्याने ध्वनिमुद्रित होत असताना संगीतकार नौशाद हयात होते आणि त्या कामात त्यांचा सहभाग होता. दिग्दर्शक के. आसिफ मात्र १९७१ साली आणि अनारकलीची भूमिका करणारी मधुबाला १९६९ सालीच गेली होती. रंगीत आवृत्तीच्या बाजूने एक मोठा मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो खराही आहे. शिशमहालाचे रीळ रंगीत झालेले पाहून आसिफ इतके भारावले की त्यांनी आणखी काही रिळे रंगीत केली आणि नंतर सगळाच चित्रपट नव्याने रंगात चित्रित करण्याचा आग्रह धरला. आधीच वर्षानुवर्षे थांबलेल्या वितरकांनी त्याला नकार दिला. तेव्हा २००४ साली दिग्दर्शकाची अपुरी इच्छाच पूर्ण झाली, असे म्हणणारे लोक निराधार बोलत नाहीत.

तरीही मला ते पटत नाही. आसिफ यांना चित्रपट रंगीत करायचा होता तो पुन्हा चित्रित करून, म्हणजे रंगासाठी वेगळा प्रकाश, वेगळी वस्त्रे, वेगळ्या भिंती योजून. जे दृश्य कृष्णधवलासाठी उजळले गेले त्यावर चव्वेचाळीस वर्षांनी रंग पसरणे ही निराळी गोष्ट झाली. दिवाळीतल्या त्या आठवड्यात मीही कोल्हापुरातच रंगीत आवृत्ती पाहिली आणि पिसाच्या प्रसंगापाशी माझे मन अडले. रात्रीच्या बागेत दुरून तानसेनाचे गाणे येत आहे (आवाज बडे गुलाम अली खाँ यांचा) आणि सलीम एका पांढऱ्या पिसाने अनारकलीच्या चेहऱ्याला स्पर्श करतो आहे. कृष्णधवल चित्रात पिसाचा पांढरेपणा आणि तिच्या गालावरचा उजेड एकमेकांत इतके विरघळतात की पीस कुठे संपले आणि चेहरा कुठे सुरू झाला हे काही क्षण कळत नाही, आणि त्या न कळण्यातच त्या प्रसंगाची सगळी जवळीक आहे. रंगीत आवृत्तीत पीस पांढरे, गाल गव्हाळ, वस्त्र वेगळे अशा कडा पडतात. दृश्य देखणे दिसते, पण दोघांमध्ये अंतर आल्यासारखे वाटते.

शिशमहालाचे नुकसान त्याहून मोठे आहे. १५० फूट लांब, ८० फूट रुंद आणि ३५ फूट उंच असा तो देखावा मुंबईच्या मोहन स्टुडिओत उभा राहायला सुमारे दोन वर्षे लागली. आरशांवरून परतणारा झगझगाट कॅमेऱ्याला सोसेना म्हणून काचांवर मेणाचा पातळ थर देण्यात आला आणि छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी कापडावरून परावर्तित केलेल्या प्रकाशात ते गाणे टिपले. एवढा खटाटोप ज्या क्षणासाठी झाला तो क्षण कथेत कोणता आहे ते पाहावे. सुरुवातीला अनारकली आणि सलीम यांचे प्रेम रात्रीच्या बागेत, झाडांच्या आडोशाने, कोणाला न सांगता चाललेले आहे. शिशमहालात ती प्रथमच भर दरबारात, बादशहाच्या डोळ्यांत डोळे घालून, आपल्याला आता भीती उरली नाही असे सांगते, आणि छतावरच्या प्रत्येक आरशात तीच दिसू लागल्यामुळे अकबराला तिच्यावरून नजर हटवायला जागा उरत नाही. लपवणे संपते आणि रंग येतो. हे पैशाच्या आणि वेळेच्या अडचणीतून जमून आले असेल, पण १९६० पासून प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट हाच आहे. आपण दोघेही त्या दिवशी घरी न सांगता तिथे बसला होता. आपल्या यजमानांनी हात धरायला नेमका तोच क्षण निवडला, यात मला काहीच नवल वाटत नाही. पहिल्या दृश्यापासून सगळेच रंगीत असले, तर त्या जागी फक्त एक सुंदर गाणे उरते.

शेवटाच्या बाबतीत मात्र आपल्या आठवणीची थोडी गफलत झाली आहे, आणि ती का झाली हे समजण्यासारखे आहे. भुयाराचा शेवट मूळ चित्रपटातलाच आहे. सलीमच्या जन्माची बातमी आणणाऱ्या दासीला, म्हणजे अनारकलीच्या आईला, अकबराने आनंदाच्या भरात वचन दिलेले असते. त्या वचनात अडकून तो मायलेकींना भुयारातून निसटू देतो आणि ती जिवंत आहे हे सलीमला कधीही कळू नये अशी अट घालतो. पण त्याआधी भिंतीच्या विटा एकावर एक चढताना आपण पाहिलेल्या असतात, अनारकलीला चिणल्याची दंतकथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते, आणि ज्या नाटकावर हा चित्रपट बेतला आहे त्या इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ सालच्या ‘अनारकली’तही तिला जिवंत पुरल्याचेच आहे. मनाने दंतकथेचा शेवट चित्रपटाला जोडून टाकला. १९७४ साली आपल्यासमोर आलेली प्रिंटही बहुधा बरीच फिरलेली असणार. तुटलेली फिल्म जोडताना दर वेळी थोडी कापली जाते, आणि रिळाच्या सुरुवातीशेवटाला ही झीज जास्त होते. तेव्हा भुयाराचा काही भाग त्या दुपारी पडद्यावर आलाच नसेल, हेही शक्य आहे.

आपल्या नातवाने सांगितले ते खरे आहे. २०१३ सालच्या ‘रांझणा’ या चित्रपटाची तमिळ आवृत्ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा प्रदर्शित करताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तिचा शेवट बदलण्यात आला आणि मूळ चित्रपटात मरण पावणारा नायक तिच्यात जगला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही याचा जाहीर निषेध केला. परंतु आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. कृतीचा विपर्यास झाल्यास कर्त्याने दाद मागावी असे कलम ५७ सांगते. पण विपर्यास निर्मात्याच्याच संमतीने होत असेल, तर दिग्दर्शकाने कोणत्या आधारावर उभे राहायचे? पुस्तकाच्या लेखकाला जे संरक्षण सहज मिळते ते चित्रपटाच्या दिग्दर्शकाला मिळत नाही, ही मला अत्यंत अन्यायाची गोष्ट वाटते. ज्याने सलग काही वर्षे त्या पात्रांबरोबर काढली, त्याला विचारल्याशिवाय त्यांचे मरण-जगणे ठरवले जाऊ नये.

आवृत्ती निराळी असणे हा माझ्या मते दोष नाही. आपल्या कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने पहिला मराठी बोलपट केला, तोच दोन आवृत्त्यांत. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि ‘अयोध्या का राजा’ हिंदीत, असे तेच कथानक दोन वेळा चित्रित झाले. दोन्हींना आपापले नाव होते आणि आपण काय पाहतो आहोत हे प्रेक्षकाला ठाऊक होते. त्या चित्रपटातल्या तारामती दुर्गा खोटे, आणि आपण पाहिलेल्या चित्रपटातल्या जोधाबाईही त्याच. रंगाचा मोहही प्रभातला त्या काळातच पडला होता. १९३३ च्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत छापून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. माझे भांडण एवढ्याचसाठी आहे की बदललेली आवृत्ती मूळ नावाने, काही न सांगता घराघरांत पोहोचते, आणि मग सूनबाईंसारख्या समंजस मुलीलाही सासूचीच आठवण चुकली असे वाटू लागते. पाटीवर ‘२००४ ची रंगीत, संक्षिप्त आवृत्ती’ एवढे पाच शब्द असते, तर आपल्या घरातला तो प्रसंग टळला असता.

जुना चित्रपट पाहावा की नाही, याचे उत्तर मी निःशंकपणे देतो : पाहावा. १९७४ ची दुपार त्यातून परत येणार नाही आणि शेजारची खुर्ची रिकामी राहील, हे आपण जाणताच. परंतु रंगीत आवृत्ती पाहून आपल्या मनात आपल्याच आठवणीविषयी जी शंका शिरली आहे, ती मूळ चित्रपटच दूर करू शकेल. मुलाला लावायला सांगताना चित्रपटाची लांबी आधी पाहायला सांगावे. ती १९७ मिनिटांच्या आसपास असली पाहिजे, आणि चित्र टीव्हीच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून दिसले पाहिजे. त्या काळच्या चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी असे. चित्राने सगळा पडदा व्यापला असेल, तर ते ताणलेले किंवा वरखाली कापलेले आहे असे समजावे. सलग सव्वातीन तास बसणे या वयात जड जाते, म्हणून मध्यंतरात उठून चहा घ्यावा. सूनबाईंना मात्र शेजारीच बसवून ठेवावे, हे उत्तर त्यांना तोवर वाचून दाखवले नसेल तर आता दाखवूच नये, आणि शिशमहाल येईपर्यंत त्यांना काही सांगू नये.