सनद पणजोबांची, जमीन पलीकडे

प्रश्न : वकीलसाहेब, मी गडहिंग्लजचा, रिटायर्ड आहे. मुलगा ह्यूस्टनला असतो. गेल्या वर्षी त्याने आम्हाला टेक्सासच्या किनाऱ्यावरचं पाद्रे आयलंड दाखवायला नेलं, तिथे कळलं की हे अख्खं बेट एका मेक्सिकन घराण्याचं इनाम होतं आणि वारस कोर्टात गेले होते. त्यांचं पुढे काय झालं? विचारायचं कारण म्हणजे आमच्या पणजोबांची खासगी इनामाची मोडी सनद घरात आहे, जमीन हुक्केरी तालुक्यात, म्हणजे आता कर्नाटकात. आम्ही केस टाकावी का?

उत्तर : काका, आधी टेक्सासचं सांगतो, कारण त्यातच तुमचं निम्मं उत्तर आहे. ते घराणं बाय्यी. पाद्रे म्हणजे फादर निकोलास बाय्यी, त्याच्यावरूनच बेटाचं नाव पडलं. त्याने अर्ज केला स्पेनच्या राज्यात आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, निघालं १८२९ मध्ये मेक्सिकोच्या राज्यात, त्याच्या आणि पुतण्याच्या नावाने. मग मेक्सिको-अमेरिका युद्ध झालं, १८४८ चा तह झाला, रिओ ग्रांदे नदी हद्द ठरली आणि जमीन अमेरिकेत गेली. माणसं जागची हलली नाहीत, हद्दच हलली, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजवायला नको! तहात मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेची हमी होती, पण जमिनीच्या सनदांबद्दलचं खास १० वं कलम अमेरिकन सिनेटने काढूनच टाकलं. त्यात १८५० मध्ये टेक्सास सरकारने टायटल तपासायला कमिशनर पाठवले, त्यातल्या मिलर नावाच्या कमिशनरची अस्सल कागदांची पेटी आन्सन नावाच्या बोटीबरोबर बुडाली. झेरॉक्स नव्हतीच तेव्हा.

पुढे १९३८ मध्ये गिल्बर्ट कर्लिन या न्यूयॉर्कच्या वकिलाने बाय्यी वारसांकडून हक्क लिहून घेतले, बदल्यात तेल-गॅसच्या रॉयल्टीत थोडा वाटा. वारसांचं म्हणणं असं की वाटा आमच्यापर्यंत आलाच नाही. २००० मध्ये ब्राउन्सव्हिलच्या ज्युरीने वारसांच्या बाजूने कौल दिला, आणि २००८ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने तो उलटवला, मुदतीच्या मुद्द्यावर, म्हणजे दावा लावायची कायद्यातली मुदत टळून गेली म्हणून. वारस म्हणाले, कर्लिन राज्याबाहेर राहायचा म्हणून मुदत मोजू नका, कोर्ट म्हणालं, त्याच्यावर इथे दावा लावता येत होता ना, मग मोजणार, आणि कागद सरकारी दप्तरात होते, बघितले असते तर तेव्हाच कळलं असतं. मला विचाराल तर हे वारसांवर जरा कडकच झालं, पण कोर्ट असंच चालतं.

दुसरी एक केस तर अजून अजब. टेक्सासमधल्या जुन्या सनदांचे ४३३ क्लेम होते, साधारण १९.३ कोटी डॉलरचे, आणि १९४१ च्या करारात अमेरिका आणि मेक्सिकोने एकमेकांकडचे दावे वळते करून घेतले, या सनदवाल्यांना पैसे मेक्सिकोने द्यायचे ठरलं. दिले नाहीत. मग वारसांच्या संघटनेने अमेरिकेच्या कोर्टात मेक्सिको सरकारवरच केस टाकली, ती १९८४ च्या अपिलातही टिकली नाही, परक्या सरकारला इथे खेचता येत नाही म्हणून. निकाल लिहिणारे जज अँटोनिन स्कालिया, जे नंतर सुप्रीम कोर्टात गेले.

आता तुमचं. दावा जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात चालतो, म्हणजे कर्नाटकात, कोल्हापूरचा वकील असला तरी तिकडचा एक लागेल. १९५६ पर्यंत बेळगाव, म्हणजे तुमच्या हुक्केरीचा जिल्हा, मुंबई राज्यातच होतं, म्हणून १९५२ चा मुंबई राज्याचा खासगी इनाम रद्द करण्याचा कायदा तिथेही लागू झाला, त्यामुळे नुसत्या सनदेवर आज काही मिळत नाही, इनाम गेलं तेव्हा जमीन प्रत्यक्ष कुणाच्या ताब्यात होती ते बघावं लागेल. परका माणूस उघडपणे मालक म्हणून १२ वर्षांवर कसत असेल तर दावा बहुतेक मुदतबाह्य, भाऊबंद कसत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, सहहिस्सेदाराचा ताबा बाकीच्यांच्या हक्काविरुद्धचा आहे असं कोर्ट सहजासहजी धरत नाही.

केस राहू दे, आधी तालुक्याला जाऊन जुने फेरफार आणि आत्ताचा उतारा काढा, मोडी सनद वाचून घ्या, आणि उताऱ्यावर कब्जेदार म्हणून कुणाचं नाव आहे ते मला कळवा.