एप्रिलच्या सुरुवातीला मनाली आणि लाहौलचं हवामान कसं असतं? आई-बाबांना घेऊन जावं का?

तुम्ही विचारलंय की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन मनाली, आणि जमलं तर अटल टनेलच्या पलीकडे लाहौलमधल्या सिस्सू-केलाँगपर्यंत जायचंय, मार्च ते मे तापमान सरासरीपेक्षा जास्त राहणार अशी बातमी वाचली तर आता बर्फ मिळेल का, की पावसात अडकून पडू. मी नोकरीमुळे बरीच वर्षं कुल्लूच्या बाजूला राहतोय म्हणून लिहितो. जा, बिनधास्त जा, पण प्लॅनमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि त्या तीन महिन्यांच्या बातमीवरून कपडे किंवा बुकिंग ठरवू नका.

हवामान खातं फेब्रुवारीच्या शेवटी मार्च-मेचा अंदाज देतं, त्यात असतं काय तर अमुक भागात तीन महिन्यांचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा जास्त, नेहमीएवढं किंवा कमी राहण्याची शक्यता किती टक्के. शेतीला, वीजवाल्यांना, धरणांच्या नियोजनाला हे फार उपयोगी आहे, पण तुमच्या पाच दिवसांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. 2025 चा फेब्रुवारी घ्या, 1901 पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तोपर्यंतचा सगळ्यात गरम फेब्रुवारी तो, आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत कुल्लूत असा पाऊस कोसळला की नाल्यांना पूर येऊन गाड्या वाहून गेल्या, वर बर्फाने रस्ते बंद, आणि 28 तारखेला तिकडे उत्तराखंडात बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या कॅम्पवर हिमस्खलन झालं, 54 जण अडकले त्यातले 8 गेले. महिना गरम आणि शेवट असा, दोन्ही एकाच वेळी खरं.

हे होतं वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या, पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवेच्या या सिस्टीम वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हिमालयाला येऊन धडकतात. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा येतात, मार्च-एप्रिलमध्येही येत राहतात, फक्त सगळ्या जोरदार नसतात. आपल्याकडे मार्चमध्ये द्राक्षं-गहू झोपवणारी जी अवकाळी येते तिच्यामागेही बऱ्याचदा हाच धागा असतो, वरून याचा पट्टा खाली येतो आणि समुद्राकडून आलेलं बाष्प त्याला मिळतं, नाशिककरांना गारपीट काही नवीन सांगायला नको.

त्यामुळे इथला वसंत हा सलग उबदार होत जात नाही. चार दिवस लख्ख ऊन, दुपारी लोक टीशर्टवर, मग एक दिवस वर पातळ पांढरे ढग येतात, रात्र उगाच उबदार वाटते, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू होतो तो दीड-दोन दिवस, कधी तीन. मग आभाळ साफ, पण वारा इतका गार की पुन्हा जानेवारी आल्यासारखं वाटतं. चांगल्या दिवशी एप्रिलच्या सुरुवातीला मनालीत दुपारी साधारण 18-20 डिग्री आणि रात्री 5-7 धरा, पावसाच्या दिवशी मात्र दुपारीसुद्धा 8-10 च्या वर जात नाही. केलाँगला रात्री शून्याच्या आसपास.

आता बर्फाचं. एक हिशोब लक्षात ठेवा, दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा डिग्रीने उतरतं. मनाली 2050 मीटरवर आणि अटल टनेलचं अलीकडचं तोंड जवळपास 3060 वर, म्हणजे मनालीत 5-6 डिग्रीवर पाऊस पडत असेल तर टनेलपाशी बर्फ पडतोय हे हॉटेलच्या खोलीत बसून सांगता येतं. मोबाईलमधलं अ‍ॅप इथे फसवतं, कारण ते एका मोठ्या चौकोनाचा आकडा दाखवतं आणि त्या चौकोनात नदीकाठ पण असतो नि चार हजार मीटरचा कडा पण. मनालीत पडणारा बर्फ एप्रिलमध्ये क्वचित, त्याची आशा नको. साचलेला बर्फ मात्र सिस्सू-कोकसरला त्या सुमारास बहुतेक वर्षी असतो, किती ते फेब्रुवारी-मार्चमध्ये काय पडलं त्यावर. रोहतांग खिंडीचा रस्ता (3978 मीटर) पर्यटकांना साधारण मे महिन्यात उघडतो, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला "रोहतांग दाखवतो" म्हणणाऱ्या टूरवाल्याला नक्की कुठपर्यंत नेणार ते आधीच विचारून घ्या.

आणि हे मी मुद्दाम जोर देऊन लिहितोय. पाऊस-बर्फ थांबला, ऊन पडलं की सगळे टॅक्सीवाल्याच्या मागे लागतात की चला वर, पण ताजा बर्फ पडून गेल्यावरचा पहिला उन्हाचा दिवस हा हिमस्खलनाच्या दृष्टीने वाईट असतो, त्यातही दुपार. ऊन लागून बर्फात पाणी मुरतं, थर जड होतो आणि उतारावरून सुटतो. लाहौलमध्ये अशा उतारांखालून रस्ता जातो. डीजीआरई नावाची संरक्षण खात्याची संस्था जिल्ह्यानुसार हिमस्खलनाचा इशारा देते, प्रशासन त्यावर गाड्या थांबवतं किंवा फक्त फोर बाय फोर सोडतं. अशा वेळी पोलिसाशी वाद घालणारे, ड्रायव्हरला जादा पैसे देऊन आडवाटेने न्यायला सांगणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो, कारण जीव त्या ड्रायव्हरचाही असतो. थांबवलं तर थांबा, नग्गर बघा, वसिष्ठच्या गरम कुंडावर जा, मुलीला बियासच्या काठी खेळू द्या. गेलात तरी सकाळी लवकर नका निघू, सावलीतल्या वळणांवर रात्रीचं पाणी गोठून काचेसारखं झालेलं असतं, नऊच्या पुढे निघा आणि दुपारी जास्त उशीर न करता परत या.

याच दिवसांत खाली कुल्लूपासून वरपर्यंत टप्प्याटप्प्याने सफरचंद फुलतं. तुम्हाला पाऊस म्हणजे एक दिवस वाया, बागवाल्यांना फुलोऱ्यातला गार पाऊस म्हणजे वर्षाचा प्रश्न. थंडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, मग सेटिंग म्हणजे फळधारणा होत नाही, आणि इथे लोक भाड्याने मधमाश्यांच्या पेट्या आणून बागेत ठेवतात ते सगळं जागच्या जागी राहतं. वर गारा पडल्या तर आणखी वेगळं, म्हणून बागांवर पांढऱ्या जाळ्या दिसतील. उलट हिवाळा कोरडा गेला तर झाडाला पुरेशी थंडी मिळत नाही आणि उन्हाळ्यात पाणी आटतं, तेही वाईटच. घरमालकाला "यंदा बर्फ कसा झाला" एवढं विचाराल तर अर्धा तास मनापासून बोलेल, आणि कुठल्याही अ‍ॅपपेक्षा चांगली माहिती मिळेल.

अंदाज कसा बघायचा तर, दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या आठवड्यांचा अंदाज काढतं, निघायच्या दोन आठवडे आधी तो बघून फक्त कल घ्या. खरा उपयोगाचा म्हणजे शिमला केंद्राचा जिल्हावार अंदाज, तो चार-पाच दिवस आधीपासून बघा. मनालीसाठी कुल्लू जिल्हा आणि केलाँगसाठी लाहौल-स्पीती, दोन्ही वेगवेगळे. त्यात यलो अलर्ट असेल तर छत्री घेऊन फिरा, ऑरेंज असेल तर टनेलपलीकडचा बेत पुढे ढकला, रेड असेल तर हॉटेलातच बसा.

आई-बाबांना पहिल्याच दिवशी केलाँगला मुक्कामी नेऊ नका, ते तीन हजार मीटरच्या वर आहे, आधी दोन रात्री मनालीत काढा आणि बीपी-दम्याची औषधं असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना उंचीचं सांगा. जाड एका जॅकेटपेक्षा थर्मल, स्वेटर आणि वरून पाणी न शिरणारं विंडचीटर असे थर घ्या, दिवसातून तीनदा काढावे-घालावे लागतात. बूट आणि गमबूट वर भाड्याने मिळतात, विकत नका घेऊ.

तो मोकळा दिवस शेवटी ठेवा, सुरुवातीला नको. पावसात खाली उतरताना लागणाऱ्या मंडी ते औटच्या पट्ट्यात दगड खाली येतात आणि रस्ता तासन्‌तास बंद राहतो, भुंतरची (कुल्लूचा विमानतळ) विमानं ढग आले की रद्द होतात, म्हणून परतीचं विमान चंदीगडहून घ्या आणि आदल्या रात्रीच तिथे मुक्कामाला पोचा.