तीन-पंचमांश कोणाच्या पदरात?

प्रश्न : यंदा आम्हाला अमेरिकेच्या जडणघडणीचा पेपर आहे. १७८७च्या राज्यघटनेत गुलामांची मोजणी तीन-पंचमांश धरली, म्हणजे पाच गुलाम मिळून तीन माणसं, हे वाचून मी संतापले. निबंधात लिहिलं, ‘निदान पूर्ण माणूस म्हणून तरी मोजायचं!’ सरांनी समासात शेरा मारला : ‘दक्षिणेतले मळेवाले हेच मागत होते.’ माझा राग चुकीचा आहे का? आणि ‘सर्व माणसं समान’ म्हणणाऱ्यांनी हे केलं तरी कसं?
– इतिहासाची विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष

उत्तर : राग रास्त आहे, नेम चुकला. त्या मोजणीवरून प्रतिनिधिगृहात (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) राज्याला किती जागा द्यायच्या ते ठरणार होतं. गुलामाला मत नव्हतंच. त्यामुळे तो जितका जास्त मोजला जाईल, तितकं त्याच्या मालकाचं वजन वाढणार. म्हणूनच घटना ठरवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या बैठकीत साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी ‘पूर्ण मोजा’ म्हणत होते. पेनसिल्व्हेनियाकडून आलेल्या गव्हर्नर मॉरिसनं (‘गव्हर्नर’ हे त्याचं नाव, पद नव्हे) त्यांना विचारलं, ती माणसं असतील तर त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता असेल तर मग दुसरी कुठलीच मालमत्ता का मोजत नाही? मला हा प्रश्न त्या सबंध उन्हाळ्यातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो.

गंमत नव्हे, संताप यावा अशी गोष्ट पुढेच आहे. चारच वर्षांपूर्वी, १७८३ साली, काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) राज्यांवरच्या आर्थिक बोज्याची वाटणी लोकसंख्येवर करायचं चाललं होतं. तेव्हा हीच दक्षिणेची बाजू ‘गुलाम कमी मोजा’ म्हणत होती. तीन-पंचमांश हा आकडा त्या घासाघिशीतून निघाला. तो प्रस्ताव बारगळला, अपूर्णांक तेवढा टिकला.

आता वही घे आणि मी केलं ते गणित तूही कर. १७९०च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१० होती. त्यात २,९२,६२७ गुलाम. उरले साडेचार लाख. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र माणसं सुमारे ४ लाख ३० हजार, म्हणजे जवळपास तेवढीच. दर ३३,००० लोकांमागे एक जागा धरली, तर दोघांना १३-१३ जागा यायला हव्यात. पेनसिल्व्हेनियाला १३ मिळाल्या. व्हर्जिनियाला १९, कारण तिच्या गुलामांचे तीन-पंचमांश, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख, मोजणीत धरले! या वरच्या सहा जागा ज्यांच्या नावावर आल्या, त्यांच्यातल्या एकालाही त्या निवडता येत नव्हत्या.

राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातही राज्याची मतं याच जागा अधिक सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) दोन, अशी ठरत. १८००च्या निवडणुकीत जेफरसनला ७३ मतं पडली, अ‍ॅडम्सना ६५. व्हर्जिनियाची २१ च्या २१ जेफरसनला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान’ लिहिणारा तोच.

‘केलं कसं?’ याचं उत्तर मला त्यांच्या शब्दांत सापडतं. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नाही. तीन-पंचमांशाच्या कलमात आहेत ‘इतर सर्व व्यक्ती’. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत यायला नको, असं व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन बैठकीत बोलला होता, आणि त्याच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते. न कळून केलेलं हे काम नव्हे. निबंधातलं ते वाक्य खोड, राग ठेव, आणि त्या सहा जागांपासून पुन्हा लिहायला घे.