वेकबोर्ड, चष्मा, पाळी आणि आईला काय सांगायचं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून जर्मनीत कलोनला शिकायला आलीस, वर्गातली मुलं दर शनिवारी वेकबोर्डिंगला जातात, म्हणजे पायांना बोर्ड बांधून, बोटीने किंवा तारेने ओढलं जात पाण्यावरून घसरायला, तुलाही जावंसं वाटतं. पण पोहणं जेमतेम, डोळ्यांना साडेतीनचा नंबर, पाळी नेमकी त्याच आठवड्यात, आणि आईला कळलं तर ती घाबरेल. मी आठ वर्षं इथे केबलवर, म्हणजे तळ्यावरच्या ओढणाऱ्या तारेवर, जाते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. त्या मुलांबरोबर पहिल्याच दिवशी मोठ्या केबलवर जाऊ नकोस. इथे बोट लागत नाही, कारण ब्रुनो रिक्सन या जर्मन इंजिनियरने 1960 च्या सुमारास तळ्याभोवती खांब उभारून फिरत्या तारेने माणसं ओढायची युक्ती काढली. म्हणूनच हा खेळ विद्यार्थ्याच्या खिशाला झेपतो. पण मोठी केबल कोणासाठी थांबत नाही. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग, सुरुवातीलाच हिसका, आणि पडलीस की पोहत काठाला येऊन ओल्या अंगाने, बोर्ड काखेत धरून परत चालत रांगेत. नवखी माणसं खचतात ती त्या चालण्याने. त्याऐवजी दोन खांबांची छोटी केबल माग. तिथे ऑपरेटर वेग कमी-जास्त करतो आणि पडलीस तर धरायच्या दोरीचं हँडल तुझ्याजवळ परत आणून देतो. लँगनफेल्ड हे गाव तुला जवळच आहे, तिथे एकाच ठिकाणी बऱ्याच केबल आहेत. जाण्याआधी फोन करून नवख्यांसाठी काय सोय आहे ते विचार.

सुरुवात करताना गुडघे छातीशी, टाचा बुडाखाली, हात सरळ. उठायची घाई नको. तार ओढते, तिला ओढू दे. पाणी बोर्डाला खालून वर ढकलतं आणि तू आपोआप उभी राहतेस. आपण सगळ्याजणी पहिल्यांदा हँडल पोटाकडे ओढतो आणि मागे आडव्या होतो. नजर बोर्डाकडे नको, समोरच्या खांबाकडे ठेव. आणि तोल गेला की हँडल सोड. लगेच. ‘अजून सावरता येईल’ म्हणून धरून ठेवलेल्या हँडलनेच खांदे दुखावतात.

हे मी इतकं कळकळीने सांगते त्याला कारण आहे. दुसऱ्या वर्षी मैत्रिणी काठावर बघत होत्या, म्हणून मी हँडल सोडलं नाही. बोर्डाची पुढची कड पाण्यात रुतली आणि डावा कान सपकन पाण्यावर आपटला. पाण्याखाली वर कुठे, खाली कुठे तेच कळेना, सगळं गरगरत होतं. जॅकेटने मला वर आणलं, मी नाही आले. कानाच्या डॉक्टरने पडद्याला भोक पडल्याचं सांगितलं. ते आपोआप भरलं, पण दीड महिना डोक्यावरून पाणी घ्यायलाही बंदी. मी सांगलीची, लहानपणी भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली, तरी त्या दिवशी पोहणं कामी आलं नाही.

म्हणून जॅकेट घेताना नीट बघ. बारीक, अंगाला चापून बसणारी दिसतात ती नुसती आपटण्यापासून वाचवणारी असतात, पाण्यावर धरतीलच असं नाही. तू काउंटरवर तरंगवणारं, ‘श्विमवेस्ट’, म्हणून माग. हेल्मेट कान झाकणारं घे. डोकं जोरात आपटून मळमळलं किंवा गरगरलं, तर त्या दिवशी परत पाण्यात उतरायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चष्मा लॉकरमध्ये. लेन्स घालून उतरू नकोस. तळ्याच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असू शकतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला वाईट इजा करतो. साडेतीन नंबरला खांब आणि तार दिसते, ऑपरेटरच्या हाताच्या खुणा दिसत नाहीत. त्याला आधीच सांग, म्हणजे तो हाक मारेल.

पाळीत पॅडचा उपयोग नाही. पाळीचा कप किंवा टॅम्पॉनची सवय असेल तर खुशाल जा, नसेल तर ती सवय घरी कर, तळ्यावर नको. आणि पोट दुखत असेल तर पुढच्या शनिवारी जा. वेटसूटमध्ये, म्हणजे त्या अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी सूटमध्ये, कशी दिसेन, असंही तू लिहिलंयस. आत स्वतःची लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टॉप घाल, भाड्याचा सूट सोसतो. बाकी तळ्यावर सगळेच ओले, चिखलाळलेले आणि आपापला तोल सांभाळण्यात असतात गं.

तिकीट एकाच तासाचं काढ. हाताची पकड त्याआधीच संपते आणि दुसऱ्या दिवशी पेन धरवत नाही, तेव्हा सोमवारी परीक्षा असेल तर जाऊच नकोस. बोर्ड विकत घ्यायचा विचार यंदा नको.

राहिली आई. लपवू नकोस. माझ्या आईला इन्स्टाग्रामवरून कळलं आणि ती दोन दिवस बोलली नाही. राग खेळाचा नव्हता, लपवल्याचा होता. जाण्याच्या आदल्या दिवशी फोन कर, जॅकेटचा फोटो पाठव, किती वाजता बाहेर येणार ते सांग. आणि बाहेर आलीस की केस पुसायच्या आधी तिला फोन लाव.