पेशींच्या जथ्याला वाट कोण दाखवते?

प्रश्न : जखम भरताना त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून सरकतात, असे वाचनात आले. आमच्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागून मिरवणूक जाते, तसा पेशींच्या समूहातही कोणी अग्रणी असतो का? आणि जिवंत प्राण्यात हे पाहता कसे येते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अग्रणी असतो; पण दिशा ठरवण्याचे अर्धे काम पिछाडीच्या पेशी करतात, आणि हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते झेब्रा माशात. मूळचा भारतीय उपखंडातल्याच ओढ्या-नाल्यांतला हा मासा भ्रूणावस्थेत पारदर्शक असल्याने, चमकणारी प्रथिने घातलेल्या त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहता येतात. त्याच्या कानामागून सुमारे शंभर पेशींचा एक जथा निघतो आणि साधारण वीस तासांत शेपटीच्या टोकाशी पोहोचतो. वाटेत तो काही पेशी ठिकठिकाणी मागे ठेवत जातो, ज्यांपासून पुढे पाण्याची हालचाल ओळखणारी ज्ञानेंद्रिये बनतात.

या वाटेवर केमोकाइन नावाच्या, पेशींना आपल्याकडे ओढणाऱ्या संदेशक प्रथिनाचा पट्टा असतो. शेपटीकडे त्याचे प्रमाण वाढत जात असावे, असे कोणालाही वाटेल. पण 2013 मध्ये दोन स्वतंत्र संशोधनगटांनी दाखवले की, जथ्याच्या मागच्या पेशी एका वेगळ्या ग्राहीच्या (पेशीच्या पृष्ठभागावरील, संदेश पकडणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने हे प्रथिन शोषून घेतात, त्यामुळे मागे ते कमी आणि पुढे जास्त उरते, आणि हा चढ जथा स्वतःच आपल्याबरोबर निर्माण करत जातो. म्हणून आघाडीचे महत्त्व संपते असे मात्र नाही : संदेश ओळखणारा ग्राहीच नसलेला, अडखळलेला जथा मोजक्या निरोगी पेशी मिळताच चालू लागतो, आणि त्या पेशी टोकाशी जाऊन पोहोचलेल्या आढळतात.

फळमाशीच्या अंडाशयातील सहा ते आठ पेशींची टोळी तर, स्वतः सरकू न शकणाऱ्या दोन पेशींना मधोमध घेऊन जाते, आणि तिच्यातली आघाडीची पेशी वाटेत बदलतही राहते.

जखमेच्या बाबतीत कडेच्या पेशींना समोर मोकळी जागा मिळते, म्हणून त्या पुढे सरकतात आणि मागच्या पेशी सांध्यांनी जोडलेल्या असल्यामुळे त्यांच्याबरोबर ओढल्या जातात. दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या की आघाडी उरत नाही आणि सरकणे थांबते.