मेट्रो एक्झोडस परत पहिल्यापासून खेळू का नुसत्या डीएलसी?

भावा, तू म्हणतोयस २०१९ ला मेट्रो एक्झोडसचा (अणुयुद्धानंतरच्या रशियातला व्हिडिओ गेम) मेन गेम संपवला होतास आणि आता सेलमध्ये टू कर्नल्स आणि सॅम्स स्टोरी ह्या दोन्ही डीएलसी, म्हणजे वेगळ्या मिळणाऱ्या जोडगोष्टी, घेतल्यास, तर सरळ त्याच खेळायच्या का सगळं पहिल्यापासून काढायचं. मी गेल्या मे महिन्यात हेच केलं आणि क्रम चुकवला, म्हणून लिहितोय.

माझं झालं असं की टू कर्नल्स छोटी आहे, दोन-तीन तासांत उरकते, म्हणून आधी तीच लावली. बाहेर पुण्याचा मे, पंखा गरम हवा फेकतोय, आणि गेममध्ये नोव्होसिबिर्स्कच्या बोगद्यात नवीन वर्षाची तयारी चाललीये. तू कर्नल ख्लेब्निकोव्ह असतोस, हातात फ्लेमथ्रोअर, भिंतींवर चढलेली ती चिकट घाण जाळत जायची, आणि मग घरी पोरगा किरिल वाट बघतोय. हो, तोच किरिल, जो मेन गेममध्ये त्या मेलेल्या शहरात एकटा राहत असतो. गोष्ट मेन गेमचा नायक आर्त्योम तिथे पोचायच्या साधारण वर्षभर आधीची आहे. बापाचं काय झालं ते तुला मेन गेममधून माहितीच आहे, त्यामुळे स्पॉयलर बियलर काही नाही, उलट माहीत असून खेळणं जास्त जड जातं.

पण मी खेळलो तेव्हा मला ते धड आठवतच नव्हतं ना! सहा वर्षं झाली होती. शेवट आला, बरं वाटलं, वाईट वाटलं, बंद केलं. मग महिन्याभराने मेन गेम परत काढला आणि नोव्होसिबिर्स्कला किरिल बाबांबद्दल बोलायला लागला तेव्हा लक्षात आलं की हा तर तोच, ज्याच्याबरोबर आपण नवीन वर्ष साजरं केलं. पहिल्यांदा खेळताना मी त्याचं बोलणं अर्धं ऐकून पुढे पळालो होतो, रेडिएशनचं मापक कडकडत होतं, मास्कचे फिल्टर संपत आले होते, कोण थांबतंय. ह्या वेळी फिल्टर जाळत तिथेच उभा राहिलो.

म्हणून माझा सल्ला, मेन गेम पहिल्यापासून काढ, संपव, आणि लगेच दुसऱ्या दिवशी टू कर्नल्स. मध्ये गॅप नको.

परत खेळायचं दुसरं कारण म्हणजे शेवट. मला पहिल्यांदा वाईट शेवट मिळाला होता आणि मी गेमला शिव्या घातल्या होत्या, पण चूक माझीच, दिसेल त्याला गोळी घालत सुटलो होतो. ड्यूक, दामीर, अल्योशा ह्या तिघा साथीदारांपैकी निदान दोघं बरोबर राहिले तर शेवटी आर्त्योमला द्यायला रक्त पुरतं, नाहीतर नाही. व्होल्गाला ते विजेला घाबरणारे लोक, कॅस्पियनला गुलाम, जंगलातली ती पोरं, ह्यांना मारायचं नाही, बुक्की घालून झोपवायचं. अंधार बघून चालायचं, मनगटावरच्या घड्याळातला दिवा लागला की समजायचं आपण दिसतोय. मी तर जवळजवळ सगळा गेम टिखारवर काढला, हाताने पंप मारायची ती हवेची बंदूक, आवाज नाही आणि छर्रे पाठीवरच्या बॅगेतच बनतात, वर्कबेंच शोधत फिरायला नको. मास्कवरचं रक्त पुसायचं, काच तडकली की पट्टी चिकटवायची, ही असली कामं मला गोळीबारापेक्षा जास्त आवडतात, आता हसायचं तर हस.

(२०१९ ला पुण्यात मेट्रो म्हणजे कर्वे रोडवरचे पत्रे आणि धूळ होती, मास्क खरा तिथे लागायचा. आता मंडईला सरकत्या जिन्यावरून खाली जाताना मी उगाच मनगट बघतो. मित्रांनी हे पाहिलंय, चिडवतात.)

सॅम्स स्टोरी मात्र कधीही खेळ, तिला घाई नाही. सॅम अमेरिकन, त्याला घरी जायचंय, व्लादिवोस्तोकला पाणबुडी आहे असं कळतं, मग मोकळा नकाशा, बोट, आणि एक भलंमोठं वटवाघूळ ज्याने माझी दोन संध्याकाळ खाल्ली. गोष्ट म्हणून मला जरा पातळ वाटली, लोकांना आवडते, असो. गंमत एकच, आर्त्योम लोडिंग स्क्रीनवर डायरी वाचतो पण गेममध्ये तोंड उघडत नाही, लोक त्याच्याशी बोलतात आणि हा ढिम्म, आणि सॅम आणि कर्नल दोघंही व्यवस्थित बोलतात. डीएलसीवरून परत मेन गेमला आलास की हा मुका नायक फार खटकतो, म्हणूनही मेन आधी.

ग्राफिक्स कार्ड रे ट्रेसिंगवालं (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवणारं) असेल तर २०२१ ची एन्हान्स्ड एडिशन टाक, पीसीवर गेम असलेल्यांना फुकटच दिलीये. माझं कार्ड मित्राचं जुनं आहे, चालते, पण दुपारी खेळलो की खोलीचा तंदूर होतो, म्हणून मी रात्री अकरानंतरच बसतो आणि हेडफोन लावून, नाहीतर ते भुतासारखे आवाज ऐकून आई उठते.