पफिन पक्षी बघायला जाताय? मग एवढं कराच

काकू, मुलाकडे कार्डिफला जाताय तर वेल्समधलं स्कोमर बेट चुकवू नका. फक्त ऑगस्टची तिकिटं काढू नका. बहुतेक नवखे तिथेच फसतात. बेटावर बोटी सुरू असतात, पण पफिन जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात. मे-जून सगळ्यात उत्तम, तेवढीच आपल्या नागपूरच्या उन्हातूनही सुटका!

बोट मार्टिन्स हेवनहून सुटते. जागा मोजक्या, म्हणून आधी बुकिंग करा. उत्तरेचा वारा असला की फेरी रद्दही होते, त्यामुळे हाताशी एखादा जादा दिवस ठेवा.

- बेटावर खायला काही मिळत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, कचरा परत आणा.
- धक्क्यावरून वर चढायला ८७ पायऱ्या आहेत. गुडघ्याचं आधीच बघा.
- पायवाट सोडायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. पफिन जमिनीत बिळं करून अंडी घालतात, पाय पडला की बीळ ढासळतं.

नवी दुर्बीण घेऊ नका. अंबाझरीवर वापरता ती ८×४२ भरपूर झाली. 'द विक' नावाच्या कड्याजवळ पफिन इतके जवळून जातात की दुर्बीण बाजूलाच राहते. तिथे निवांत बसा, अख्खं बेट पालथं घालायचा हट्ट नको. वाटेत अर्धवट खाल्लेले पक्षी दिसतील, तर घाबरू नका. ते मोठ्या काळ्या पाठीच्या कुरवांचं (सीगल पक्ष्यांचं) काम. मँक्स शिअरवॉटर हे इथले दुसरे समुद्रपक्षी रात्रीच बिळात परततात, त्यांचा नाद यंदा सोडा.